उसाच्या फडात सापडलेले तीन बछडे : पहिल्या फोनपासून तिसऱ्या सकाळपर्यंत

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. इथे ऊसतोडीचा हंगाम हा बिबट्याची पिल्ले सापडण्याचाही हंगाम असतो. बारा ते अठरा महिने उभा असलेला ऊस मादीला जंगलाइतकाच सोयीचा पडतो. आत दाट आडोसा, शेजारी पाण्याचा पाट, वस्त्यांवर कुत्री आणि शेळ्या. तिथेच ती विते. तोड सुरू झाली की हा आडोसा काही तासांत भुईसपाट होतो आणि पिल्ले उघड्यावर येतात.

खालचे प्रकरण एखाद्या ठरावीक गावाची किंवा तारखेची नोंद नाही. अशा प्रसंगात गोष्टी ज्या क्रमाने घडतात आणि जिथे हमखास बिघडतात, तो क्रम एका फडावर बसवून दाखवला आहे. मांडणीमागचे म्हणणे एकच आहे. फडात सापडलेली पिल्ले बहुतेक वेळा अनाथ नसतात, आई शेजारच्या उभ्या उसात बसलेली असते. ती अनाथ होतात ती पुढच्या एक-दोन तासांत, मदत करायला निघालेल्या हातांमुळे. म्हणून वनविभागाला किंवा निवारा केंद्राला केलेला फोन ‘पिल्ले घेऊन जा’ असे सांगण्यासाठी नसतो. पिल्ले आईकडे परत जावीत, त्याची तयारी त्या फोनपासून सुरू होते.

फड

डिसेंबरचा पहिला पंधरवडा, सकाळचे साडेआठ. दोन एकरांचा आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा) ऊस, निम्म्याहून अधिक तोडून झालेला. टोळी दहा कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा माणसे वीस. शिवाय बांधावर चार-पाच लहान मुले, दोन बैलगाड्या आणि कारखान्याचा स्लिपबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा माणूस. मधल्या सरीत पाचटाखाली काहीतरी हलले, पण कोयता तोवर खाली आला होता. पाचट बाजूला केल्यावर तीन पिल्ले दिसली. एकाच्या मागच्या पायाला कोयत्याचे टोक लागून दीड इंचाचा काप गेला होता.

पुढे जे होते ते दरवेळी जवळपास असेच होते. दोन बायकांनी दोन पिल्ले पदरात घेतली, कारण हवेत गारठा होता आणि पिल्ले थरथरत होती. पोरे धावत आली. कोणी कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, दूध आणायला निघाले, कोणी मोबाइल काढला. ‘गावात मारुतीच्या देवळात नेऊन ठेवू, तिथे सगळ्यांना बघता येतील,’ असेही कोणी म्हणाले. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तरीही यातली प्रत्येक गोष्ट पिल्लांना आईपासून थोडी आणखी दूर नेणारी होती.

मुकादमाने तोड थांबवली. या प्रकरणात जे काही चांगले झाले, त्याचा पाया या एका निर्णयात आहे. ट्रॅक्टर आणि गाड्या कारखान्यावर वेळेत पोचवायच्या असतात, खाडा झाला तर टोळीचे नुकसान होते, म्हणून तोड थांबवणे सोपे नसते. कारखान्याच्या शेतकी विभागाने हंगामाआधीच टोळ्यांना ‘पिल्ले दिसली तर फड बंद करा, गाडी दुसऱ्या फडाला वळवू’ असे सांगून ठेवले असेल, तर मुकादमाला हा निर्णय एकट्याच्या जबाबदारीवर घ्यावा लागत नाही.

पहिली दहा मिनिटे

सर्वांत आधी माणसांची सुरक्षितता पाहायची. पिल्ले इथे आहेत तर मादी लांब नाही. ती सहसा माणसांच्या घोळक्यावर येत नाही, पण एकटा, वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल यांना धोका असतो. त्यामुळे आधी मुले गोळा करून गाडीवर किंवा मोकळ्या बांधावर न्यायची. मग बाकीच्यांनी एकत्र, उभ्या उसाकडे तोंड ठेवून, मोठ्याने बोलत मागे सरायचे. पळायचे नाही. उभ्या उसात शिरून ‘आई कुठे आहे ते बघू’ हा उद्योग तर अजिबात करायचा नाही.

पदरात घेतलेली दोन पिल्ले त्याच सरीत, तिसऱ्याजवळ परत ठेवली. इथे एक गैरसमज आड येतो. ‘माणसाचा वास लागला, आता आई घेणार नाही,’ असे ठामपणे सांगणारा एक तरी जण घोळक्यात असतो. ते खरे नाही. डॉक्टरांनी हाताळलेली, तपासलेली, मायक्रोचिप बसवलेली पिल्लेसुद्धा मादी उचलून नेते. हात न लावण्याची कारणे वेगळी आहेत. हाताळल्याने पिल्लावर ताण येतो, माणसांकडून आणि पाळीव कुत्र्या-मांजरांकडून रोग जाऊ शकतो आणि माणसालाही चावा किंवा ओरखडा बसू शकतो. एकदा हात लागला म्हणून पिल्लू कायमचे ठेवून घेण्याचे कारण उरत नाही.

परत ठेवताना जागा नेमकी तीच हवी. ती हरवू नये म्हणून मुकादमाने सरीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन ऊस एकत्र बांधून वर लाल फडके लावले आणि भोवतीच्या सात-आठ सऱ्या उभ्याच ठेवल्या. दुपारपर्यंत फड मोकळा झाला असता तर संध्याकाळी कोणालाच ती जागा दाखवता आली नसती, कारण तोडलेल्या रानात सगळ्या सऱ्या सारख्याच दिसतात. मादी पिल्ले शोधत येते ती ठेवलेल्या ठिकाणी. ती जागा शंभर फूट इकडे-तिकडे झाली, तरी भेट लांबू शकते.

पिल्ले जागेवर ठेवणे अशक्य असेल, म्हणजे ऊन थेट पडत असेल, मोकाट कुत्री फिरत असतील किंवा कावळे टोचत असतील, तर टोमॅटोचे रिकामे कॅरेट कामी येते. तळाशी त्याच जागेचे पाचट, वर सुती कापड, आणि कॅरेट त्या सरीजवळच सावलीत. गोणी वापरू नये. आत हवा खेळत नाही, आणि सुटलेला नायलॉनचा धागा पायाला किंवा मानेला आवळतो.

दूध आणायला गेलेल्याला परत बोलावले. गाईचे किंवा शेळीचे दूध बिबट्याच्या दुधापेक्षा पातळ असते, त्यात प्रथिने आणि स्निग्धांश कमी आणि दुग्धशर्करा जास्त असते. पिल्लाला जुलाब लागतात आणि एवढ्या लहान जिवाचे पाणी काही तासांत कमी होते. त्याहून मोठा धोका पाजण्याच्या पद्धतीत आहे. बाळाला पाजतात तसे उताणे धरून चमच्याने किंवा बोळ्याने दूध घातले की ते श्वासनलिकेत उतरते आणि एक-दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. अंग गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पचत नाही. आधी ऊब द्यायची, पाजायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. आई दूर असताना काही तास उपाशी राहणे या पिल्लांना नवे नाही. शिकारीला गेलेली मादी बराच वेळ परतत नाही.

जखमेवर हळद, तंबाखू, रॉकेल, डेटॉल यातले काहीही लावायचे नाही. पिल्लू ती जागा चाटते, नंतर आई चाटते. डेटॉलसारख्या जंतुनाशकांतले फिनॉल वर्गातले घटक मांजरकुळातल्या प्राण्यांना पचवता येत नाहीत. वेदना कमी व्हाव्यात म्हणून पॅरासिटामॉल देणे तर थेट विष देणे आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी हलकेच दाबून धरायची, फडात एवढेच करायचे. या पिल्लाचे रक्त आपोआप थांबले होते.

एका बाईच्या मनगटावर नखाचा ओरखडा होता. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करणे, हे ओरखडा कितीही बारीक असला तरी टाळायचे नसते. धावपळीत हे हमखास राहून जाते. तोडकऱ्यांच्या बाबतीत तर दोन दिवसांनी टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असते आणि पुढचे डोस चुकतात. केंद्रावरून मिळालेले कार्ड सोबत ठेवले की पुढच्या गावातही तीच मात्रा पुढे चालू करता येते.

फोन

पहिला फोन एका तरुण तोडकऱ्याने १९२६ वर लावला. ही महाराष्ट्र वनविभागाची टोल-फ्री हेल्पलाइन आहे. बोलणे साधारण असे झाले :

‘हॅलो, साहेब, आमच्या फडात वाघाची पिल्लं सापडलीत. लवकर या.’

‘कुठून बोलताय?’

‘उसातून.’

‘गाव कोणतं?’

‘ते… मुकादमाला माहीत. आम्ही बीडचे, साहेब.’

फोन कट झाला, कारण तोडकरी मुकादमाकडे धावला. यात त्याचा काही दोष नाही. टोळी परजिल्ह्यातली असते, गाव-शिवार तिला माहीत नसते. म्हणून असा फोन शेतमालकाने किंवा स्लिपबॉयने करणे बरे. दोघेही नसतील तर तोडणीची चिठ्ठी हातात घेऊन करावा, तीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव असते. ‘वाघ’ या शब्दाचाही खुलासा करावा लागतो. या भागात बिबट्यालाच वाघ म्हणतात, पण नियंत्रण कक्षात फोन घेणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला असू शकतो.

दुसरा फोन स्लिपबॉयने केला. त्यात सगळे होते आणि दोन मिनिटांत संपला :

‘नमस्कार साहेब. तालुका, गाव, शिवार आणि गट नंबर सांगतो, लिहून घ्या. उसाच्या फडात बिबट्याची तीन पिल्लं आहेत. सकाळी साडेआठला दिसली. डोळे उघडलेत, धड चालता येत नाही. एकाच्या मागच्या उजव्या पायाला कोयता लागलाय, रक्त थांबलंय. दोन पिल्लं उचलली होती, परत त्याच सरीत ठेवलीत. आई दिसली नाही. तोड बंद केलीय. माणसं पंचवीस, सगळी बांधावर. पश्चिमेला लागूनच दुसऱ्याचा उभा ऊस आहे. डांबरी रस्त्यापासून आत अर्धा किलोमीटर कच्चा रस्ता, फाट्यावर माणूस उभा करतो. मी याच नंबरवर आहे, फोन दुसऱ्या कोणाकडे देणार नाही.’

यातले शेवटचे वाक्य क्षुल्लक वाटते, पण निम्मा गोंधळ त्याने टळतो. हेल्पलाइनवरून निरोप वनविभागाच्या कार्यालयात, तिथून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, मग वनपाल आणि वनरक्षकाकडे जातो. प्रत्येक जण खात्रीसाठी त्याच नंबरवर फोन करतो. एका फडावरून सहा जणांनी सहा फोन केले की सहा वेगवेगळ्या बातम्या पोचतात : तीन पिल्ले, पाच पिल्ले, मादीने हल्ला केला, मादी मेली. पथक मग कोणत्या तयारीने निघणार? हेल्पलाइनला नोंद झाली की लगोलग स्थानिक वनरक्षकालाही थेट कळवावे. त्याचा नंबर हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाच्या मोबाइलमध्ये असावा. घटनेच्या वेळी शोधायला गेले की वेळ जातो.

‘शेजारी उभा ऊस आहे का’ हा प्रश्न पथक आवर्जून विचारते. मादी बसायची जागा तीच असते आणि रात्री ती तिथूनच येणार असते. ‘आई दिसली नाही’ यावरून पिल्ले अनाथ ठरत नाहीत. मादी मेलेली डोळ्यांनी पाहिली असेल, ती पिंजऱ्यात पकडली गेली असेल, किंवा रस्त्यावर गाडीखाली सापडली असेल, तरच ‘अनाथ’ हा शब्द फोनवर वापरावा.

फोटो एक किंवा दोन पुरतात, लांबून, फ्लॅशशिवाय. त्यात पंजा, शेपूट आणि अंगावरचे ठिपके दिसले तर पिल्लू कशाचे आहे ते कळते. उसात रानमांजराची पिल्लेही सापडतात आणि ‘बिबट्या’ म्हणून कळवली जातात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे शरीराच्या मानाने जाड, अंग करडे आणि दाट ठिपक्यांचे, शेपूट लांब. रानमांजराच्या पिल्लाचे अंग सडपातळ, अंगावर आणि पायांवर पुसट पट्टे, शेपूट आखूड. रानमांजराच्या पिल्लांसाठीही नियम तोच : जागेवर राहू द्या, तोड लांबवा, कळवा. फक्त पथकाला त्या रात्री एवढा बंदोबस्त लागत नाही.

हा फोटो वनविभागाच्या अधिकाऱ्यालाच पाठवायचा. गावाच्या ग्रुपवर टाकला की अर्ध्या तासात शंभर मोटारसायकली येतात, आणि फडावर दोनशे माणसे असतील तर मादी जवळ येण्याचा प्रश्नच उरत नाही.

कायदा

बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू पकडणे, घरी ठेवणे, वाहून नेणे हा गुन्हा आहे. दोषी ठरल्यास किमान तीन वर्षांचा कारावास होतो, तो सात वर्षांपर्यंत जाऊ शकतो. कलम ३९ नुसार असा प्राणी कोणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. या ४८ तासांचा अर्थ ‘दोन दिवस ठेवायला परवानगी’ असा काढू नये. तान्ह्या पिल्लाच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे परतीची बहुतेक संधी गेली.

आपल्यावरच केस होईल या भीतीने पिल्ले गुपचूप दुसऱ्या उसात नेऊन सोडणारेही असतात. प्रामाणिकपणे आणि ताबडतोब कळवणाऱ्या तोडकऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. गुपचूप हलवलेली पिल्ले मात्र आईला सापडत नाहीत, पथकालाही सापडत नाहीत.

दुपार : तपासणी

पथक साडेअकराला पोचले : वनपाल, दोन वनरक्षक, गावातले दोन प्रशिक्षित स्वयंसेवक. पशुवैद्यकीय डॉक्टर जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रातून आले. हे केंद्र वनविभागाचे आहे आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था वनविभागासोबत तिथले काम पाहते. राज्याच्या दुसऱ्या टोकाला असाच प्रसंग आला, तर नागपूरच्या सेमिनरी हिल्स इथल्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारखी केंद्रे आहेत. मात्र कुठल्याही केंद्राकडे पिल्लू नेण्याचा निर्णय वनविभागाचा असतो. गाडीत घालून थेट केंद्राच्या दारात पोचणे ही चांगुलपणातून होणारी सर्वांत महाग चूक आहे. पिल्लू केंद्रात पोचते आणि ते कुठल्या सरीतून उचलले हे सांगणारा कोणी सोबत नसतो.

डॉक्टरांनी हातमोजे घालून एकेक पिल्लू पाहिले. डोळे उघडे, निळसर, समोरचे दात नुकते हिरडीतून वर येऊ लागलेले, चाल डगमगती. अंदाज तीन आठवड्यांचा, वजन किलोच्या आसपास. दोन माद्या, एक नर. जन्मतः पिल्ले आंधळी असतात, डोळे साधारण आठवडा-दहा दिवसांत उघडतात आणि तीन महिन्यांच्या सुमारास दूध सुटते, यावरून वय जुळवले जाते. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती लवकर बसते, हिरड्या ओल्या आहेत का, अंगाचे तापमान किती, हे पाहून पाणी कमी झालेले नाही याची खात्री झाली. गोचिड्या काढल्या. खांद्याच्या मध्ये कातडीखाली मायक्रोचिप बसवली, म्हणजे हेच जनावर पुढे कधी सापडले तर ओळखता येते.

काप फक्त कातडीपुरता होता. स्नायू आणि हाड शाबूत, पाय नीट हलत होता. सलाइनने धुऊन विरघळणारे टाके घातले. साधे टाके काढायला पिल्लू पुन्हा पकडावे लागते, म्हणून ते या कामात निरुपयोगी. मग प्रश्न आला : जखमी पिल्लू केंद्रात न्यायचे की तिघांना एकत्रच ठेवायचे? हाड तुटले असते, जखमेत अळ्या पडल्या असत्या किंवा पिल्लू निपचित असते, तर उत्तर केंद्र हेच होते. इथे तिघांना एकत्र ठेवायचे ठरले. आईची चाटणी आणि दूध याची बरोबरी केंद्रातला उत्तम सेवकही करू शकत नाही, आणि एकदा कुटुंब वेगळे झाले की मादी उरलेल्या पिल्लांना घेऊन निघून जाते.

बाटलीवर वाढवलेले पिल्लू जगते, पण त्याला शिकार शिकवणारे कोणी नसते आणि माणसाची भीती मोडलेली असते. असा बिबट्या पुढे मोकळा सोडला तर तो वस्तीकडेच वळणार, म्हणून त्याचे आयुष्य बहुधा पिंजऱ्यात जाते. आईसोबत राहिलेले पिल्लू दीड-दोन वर्षे तिच्याबरोबर फिरून हे सगळे शिकते. डॉक्टरांनी संध्याकाळी तिघांना मांजरांच्या पिल्लांसाठीचे कोमट दूध थोडेच पाजले. पोट तुडुंब भरलेले पिल्लू झोपते. थोडे भुकेले पिल्लू ओरडते, आणि ती हाक मादीला ऐकू गेलेली हवी.

गावाची मागणी

दुपारी दोनपर्यंत बांधावर गर्दी झाली आणि मागणी आली : मादीसाठी पिंजरा लावा. ही मागणी हसण्यावारी नेऊ नये. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत, रोज पहाटे शेतात जाणाऱ्या बाईची भीती खरी आहे. पण या रात्री पिंजरा लावला तर मादी पकडली जाईल आणि तीन पिल्ले खरोखर अनाथ होतील. शिवाय पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २००१ नंतर जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढल्याचे दाखवले आहे.

वनपालांनी आकडेवारी सांगत न बसता सरळ समजावले. ‘पिल्लं हरवलेली मादी इथंच घुटमळेल, रात्रभर ओरडेल आणि बिथरलेली असेल. पिल्लं मिळाली की ती घेऊन जागा बदलेल. तुम्हाला ती इथून जायला हवीय, मलाही हवीय. मग तिला पिल्लं घेऊ द्या.’ सरपंचांनी ते मान्य केले, आणि गर्दी पांगवण्याचे काम त्यांच्याच माणसांनी केले. पथक गावाशी नीट बोलले नाही तर रात्रीचा बेत फसतो, कारण अंधारात वीस पोरे टॉर्च घेऊन येतातच.

पहिली रात्र

सूर्यास्ताच्या थोडे आधी पिल्ले त्याच सरीत, झाकण नसलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवली. पेटीची उंची एवढी की पिल्ले चढून बाहेर पडणार नाहीत, पण आईला आत तोंड घालून मानगुटीला धरून उचलता येईल. तळाशी तिथलेच पाचट. पेटी हलू नये म्हणून खाली थोडी माती उकरून बसवली. तीन बाजूंनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप चित्र टिपणारे कॅमेरे, गुडघ्याच्या उंचीवर खुंट्यांना बांधलेले, न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे. पांढऱ्या फ्लॅशचा कॅमेरा इथे चालत नाही. पथक वाऱ्याच्या खालच्या बाजूला दोनशे मीटरवर बंद गाडीत.

संध्याकाळचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे शेतीपंपाची वीज. रात्रपाळीची लाइट असली की शेजारचे शेतकरी दहा-अकराला पाणी भरायला निघतात, एकटे, हातात बॅटरी, वाकून बारे मोडत, म्हणजे पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत. त्यांना धोका असतो आणि त्यांच्या वावराने मादीही परत फिरते. वनरक्षकांनी भोवतालच्या सात-आठ शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्या रात्री पाणी न भरण्याची विनंती केली, वस्तीवरची कुत्री बांधायला सांगितली आणि तोडकऱ्यांच्या कोप्यांजवळ एक माणूस जागता ठेवला. फोनवर सांगून हे काम नीट होत नाही.

मादी पावणेआठला आली. पेटीभोवती दोन फेऱ्या मारून परत गेली. कॅमेऱ्यातले चित्र मोबाइलवर पाहणाऱ्याला इथे घाई सुचते : ‘पेटीला घाबरली, पिल्ले बाहेर काढून ठेवू.’ तसे करू नये. ती अंदाज घेत असते, तिला वेळ द्यायचा. सव्वादहाला तिने पहिले पिल्लू उचलले, मध्यरात्रीनंतर दुसरे. तिसरे, टाके घातलेले, पहाटेपर्यंत पेटीतच होते.

दुसरा दिवस आणि दुसरी रात्र

‘जखमी म्हणून आईने टाकले,’ असा निष्कर्ष सकाळी लगेच निघाला. तो घाईचा होता. मादी एका वेळी एकच पिल्लू तोंडात नेते, नव्या जागी ठेवते, तिथे काही वेळ थांबते. पहाटे साडेपाचला डांबरी रस्त्यावर दुधाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, कॅमेऱ्यात ती पावणेपाचला शेवटची दिसली होती. उजेडाआधी तिला तिसरी फेरी जमली नाही, एवढेच त्यातून निघत होते.

उजाडल्यावर पेटी उचलली, कारण दिवसा उघड्यावर पिल्लू कावळे आणि कुत्र्यांच्या हाती लागते. पिल्लू जवळच्या वनविभागाच्या खोलीत, शांत, अंधाऱ्या जागी ठेवले. डॉक्टरांनी दर तीन तासांनी थोडे दूध दिले आणि ओल्या कापसाने पोटाखालचा भाग पुसला. या वयात आईने चाटल्याशिवाय पिल्लाला लघवी-शी होत नाही, आणि हे न केल्याने घरी ठेवलेली पिल्ले फुगून मरतात. टाके कोरडे होते. नाव ठेवणे, मांडीवर घेणे, खेळवणे, सगळे वर्ज्य.

दुसऱ्या संध्याकाळी तीच सरी, तीच पेटी. मादी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आली, घुटमळली नाही आणि पिल्लू घेऊन पश्चिमेच्या उसात गेली. दुसऱ्या रात्रीही ती आली नसती तरी पिल्लाची तब्येत चांगली आहे तोवर तिसऱ्या, चौथ्या रात्री हेच केले जाते. दुसऱ्या रात्री हार मानून पिल्लू केंद्रात नेणे ही या कामातली हळहळ लावणारी चूक आहे.

तिसरी सकाळ

कॅमेऱ्यांतली चित्रे, मायक्रोचिपचे क्रमांक, वेळा आणि सरीची जागा पंचनाम्यात नोंदवली. फडातली राखलेली सात-आठ सऱ्यांची पट्टी तोडायला परवानगी दिली, आणि मुकादमाने ती दुपारपर्यंत उरकली.

खरे काम पश्चिमेच्या रानात बाकी होते. मादी आणि तिन्ही पिल्ले आता त्या उसात होती आणि त्याची तोड दहा दिवसांवर. मालकाला बोलावून तीन गोष्टी ठरवल्या. तोड पूर्वेकडून, म्हणजे मोकळ्या झालेल्या बाजूने सुरू करायची आणि पलीकडच्या ओढ्याकडे सरकत जायचे, म्हणजे मादीला पिल्ले घेऊन निघायला वाट राहते. चारी बाजूंनी तोडत मध्ये बेट राखायचे नाही, कारण त्या बेटात ती कोंडते. आणि ऊस पेटवायचा नाही, साप पळावेत म्हणूनही नाही. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यात उसाच्या फडाला लागलेल्या आगीत बिबट्याची पाच पिल्ले होरपळून मेली होती. तोडीच्या आदल्या संध्याकाळी वनरक्षकाला फोन करायचे मालकाने कबूल केले, आणि तो नंबर चिठ्ठीवर लिहून पुढच्या टोळीच्या मुकादमाकडे दिला.